पीकॉक बास : मूळच्या नद्यांत आणि परमुलखात

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन आणि ओरिनोको या दोन महानद्यांच्या खोऱ्यांत युगानुयुगे नांदत आलेला, शेकडो जातींच्या माशांच्या शेजारात आपला वाटा खाऊन राहणारा आणि आपल्या अस्तित्वाने शेजाऱ्यांचा वंश बुडू न देणारा एक मासा पनामा कालव्याच्या गाटुन सरोवरात शिरतो, आणि थोड्याच वर्षांत तेथील बहुतेक देशी मासे दिसेनासे होतात. त्याच कुळातील मासा ब्राझीलच्या दक्षिणेकडील धरणांत पोचतो, आणि तेथेही तोच अनर्थ घडतो. परंतु त्याच कुळातील मासा अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील कालव्यांत सरकारी खात्याकडून बुद्ध्या सोडला जातो, तेव्हा मात्र तो तेथील जुन्या रहिवाशांशी पुष्कळसे जमवून घेतो. पीकॉक बास या नावाने जगभरच्या गळकऱ्यांना परिचित असलेल्या या माशाला कोणी नदीचा राजा म्हणून गौरवितात, तर कोणी जलाशयांचा संहारक म्हणून दूषणे देतात. या दोन्ही बिरुदांपेक्षा अधिक मोलाचा प्रश्न असा, की एकाच कुळाच्या वर्तनात इतके अंतर का पडावे? त्याचे उत्तर माशाच्या जबड्यात शोधण्याऐवजी तो ज्या पाण्यात राहतो त्या पाण्याच्या घडणीत शोधले पाहिजे, असे आजवरच्या निरीक्षणांवरून दिसते. आणि ज्या महाराष्ट्रात देशातील इतर कोणत्याही राज्यापेक्षा मोठ्या धरणांची संख्या अधिक आहे, तेथील वाचकाने तर ते अवश्य समजून घेतले पाहिजे.

नावात ‘बास’ असला तरी उत्तर अमेरिकेतील बास माशांशी याचे नाते नाही. तो सिक्लिड कुलातला, म्हणजे गोव्यात व सिंधुदुर्गात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या कालुंदराचा आणि उजनीच्या पाण्यात विपुल सापडणाऱ्या चिलापीचा दूरचा नातलग होय. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘सिक्ला’ हे नाव दिले आहे; ब्राझीलमध्ये त्याला तुकुनारे म्हणतात, व्हेनेझुएला-कोलंबियात पावोन, तर गयानात लुकानानी. स्वेन कुलांडर आणि एफ्रेम फरेरा या दोन अभ्यासकांनी २००६ साली या प्रजातीची नव्याने छाननी करून तीत १५ जाती मानल्या, त्यांपैकी ९ तर त्यांनीच प्रथम वर्णिल्या. पुढे जनुकांच्या आधारे ही संख्या कमी असावी असेही मत पुढे आले. या सर्वांत आकाराने मोठा तो सिक्ला टेमेन्सिस. रिओ नेग्रो नदीत गळाला लागलेला याचा एक मासा १३ किलोंहून अधिक वजनाचा भरला होता. इतर बहुतेक जाती याच्या निम्म्यानेही नसतात. सोनेरी-हिरवट अंग, त्यावर काळसर उभे पट्टे, लालभडक डोळे आणि शेपटीच्या मुळाशी सोनेरी कडेचा एक काळा ठिपका ही या कुळाची ओळख. तो ठिपका थेट डोळ्यासारखा दिसतो.

याची शिकार करण्याची रीत नीट पाहिली, म्हणजे पुढील सर्व वृत्तान्ताचा उलगडा होण्यास मदत होते. हा मासा दिवसा शिकार करतो आणि रात्री स्वस्थ राहतो; वासावर किंवा स्पर्शावर फारसा न विसंबता तो मुख्यतः डोळ्यांवर भिस्त ठेवतो. काठाशी बुडालेल्या झाडाच्या आडोशाला किंवा वाळूच्या दांड्याच्या उतारावर तो थांबतो, लहान माशांची झुंड टप्प्यात आली की क्षणार्धात झेप घेतो, आणि जबडा एकाएकी पुढे काढून भक्ष्य पाण्यासकट आत ओढून सगळेच्या सगळे गिळतो. तुकडे तोडण्याची सोय त्याच्या तोंडात नाही, त्यामुळे जेवढे घशात मावेल तेवढेच त्याचे भक्ष्य. जबड्याची रुंदी हीच त्याच्या आहाराची हद्द. पाठलागात भक्ष्य पृष्ठभागावर आले, तर पाणी फुटून जो मोठा आवाज होतो, तो दूरवर ऐकू येतो आणि गळकऱ्यांचे मन जिंकतो. दिवसाचा उजेड, पारदर्शक पाणी आणि उघड्यावर फिरणारे लहान मासे या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे या शिकाऱ्याचे सामर्थ्य पूर्णत्वाला पोचते. त्याच्या मूळच्या मुलखात त्या तिन्ही गोष्टी त्याला बारमाही लाभत नाहीत.

रिओ नेग्रोचे पाणी कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अर्काने काळ्या चहाच्या रंगाचे, आम्ल आणि क्षारांच्या बाबतीत अत्यंत गरीब असते. मनाउस शहरापाशी या नदीची पातळी दर वर्षी सुमारे १० मीटर चढते आणि उतरते. पाणी चढले की काठची मैलोगणती जंगले बुडतात, झाडांच्या बुंध्यांमधून व फांद्यांमधून मासे हिंडू लागतात आणि लहान माशांना लपण्यास अपरंपार जागा मिळते. अशा दिवसांत पीकॉक बासही त्या बुडालेल्या अरण्यात पांगतो. भक्ष्य विरळ, आडोसे पुष्कळ आणि नजर पोचेल असे अंतर थोडे, त्यामुळे त्याला कष्टाने पोट भरावे लागते. पाणी उतरू लागले म्हणजे चित्र पालटते. बाजाराच्या दिवशी वेशीत गर्दी व्हावी तशी तळी आणि ओहोळ जेथे नदीला मिळतात तेथे परतणाऱ्या लहान माशांची दाटी होते, आणि शिकारी त्या तोंडाशी येऊन थांबतात. बार्सेलोसपासून वरच्या रिओ नेग्रोपर्यंतच्या मुलखात गळकऱ्यांचा हंगाम उतरत्या पाण्याबरोबर सुरू होतो, त्याचे कारण हेच. तेथे सुगी आणि उपास या दोहोंचा हिशेब नदीच ठेवते आणि शिकाऱ्याला तो पाळावा लागतो.

ओरिनोकोला मिळणाऱ्या सिनारुको या नदीवर कर्क वाइनमिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेला अभ्यास या बाबतीत फार उद्बोधक आहे. त्या एका नदीत पीकॉक बासच्या तीन जाती शेजारी-शेजारी राहतात. सिक्ला इंटरमीडिया ही वाहत्या प्रवाहाची व खडकाळ काठांची जात. सिक्ला ओरिनोसेन्सिस तळ्यांच्या उथळ कडांना रमते. आणि धिप्पाड टेमेन्सिस तुलनेने खोल पाण्यात व प्रवाहाच्या जवळपास वावरतो. एकाच कुळाच्या या तीन शाखांनी नदीची अशी वाटणी करून घेतली असल्याने कोणी कोणाच्या अन्नावर सर्वस्वी हक्क सांगत नाही. त्यात भर म्हणजे पूर ओसरताना ओरिनोकोच्या सुपीक पूरमैदानांवर पुष्ट झालेले सेमाप्रोकिलोडस नावाचे मासे झुंडीझुंडीने सिनारुकोत चढतात, आणि मोठ्या जबड्याचा टेमेन्सिस त्यांच्यावर ताव मारतो. क्षारांनी दरिद्री असलेल्या नदीत इतका मोठा शिकारी पोसला जातो, तो अशा बाहेरून चालत आलेल्या अन्नाच्या जोरावर. लहान जबड्याच्या जातींना हे भक्ष्य गिळता येत नाही. त्यांना स्थानिक लहान माशांवरच भागवावे लागते.

मूळच्या नद्यांत या माशाला शत्रूही भरपूर आहेत. नदीतील गुलाबी डॉल्फिन, राक्षसी पाणमांजर, केमन जातीच्या मगरी, पिरान्हा आणि मोठे शिंगाळे हे सर्व त्याच्याच भक्ष्यावर डोळा ठेवून असतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण प्रसंगी त्यालाही सोडत नाहीत. गळातून सोडविलेला थकलेला पीकॉक बास पाण्यात पडताच डॉल्फिनने पळविल्याच्या हकिकती तेथील वाटाडे नेहमी सांगतात. पिलांना तर जन्मापासून भय असते. म्हणून या कुळात संततीचे रक्षण आई-बाप दोघेही करतात. जोडी बुडालेल्या ओंडक्याचा किंवा दगडाचा सपाट भाग तोंडाने घासून स्वच्छ करते, मादी त्यावर हजारो अंडी चिकटविते, नराच्या कपाळावर या दिवसांत मेदाचा ठळक उंचवटा येतो, आणि दोन-तीन दिवसांनी अंडी फुटल्यानंतर आठवडेच्या आठवडे ती दोघे पिलांच्या ढगाभोवती गस्त घालीत राहतात. टेमेन्सिसमध्ये तर विणीचा हंगाम अंगावरच लिहिलेला असतो. एरवी तो करड्या अंगावर पांढुरक्या ठिपक्यांच्या ओळी मिरवितो, तेव्हा त्याला तुकुनारे पाका म्हणतात. वीण जवळ आली की ठिपके मावळून तीन काळे पट्टे व झगझगीत रंग उमटतात, तेव्हा तो तुकुनारे आसू होतो. हे दोन निरनिराळे मासे होत असा समज दीर्घकाळ होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ती एकाच जातीची ऋतुमानाप्रमाणे पालटणारी दोन रूपे असल्याचे सिद्ध केले. नदीच्या चढउताराशी माशाचे शरीरही किती घट्ट बांधलेले असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असू शकेल?

आता गाटुन सरोवराकडे वळू. चाग्रेस नदी अडवून पनामा कालव्यासाठी निर्माण केलेल्या या सुमारे ४२५ चौरस किलोमीटरच्या जलाशयात पीकॉक बास मुळात नव्हता. मध्य अमेरिकेच्या त्या भूभागात त्याची प्रजातीच नाही. १९६७ च्या सुमारास एका खासगी तळ्यात खेळाकरिता व खाण्याकरिता पाळलेले काही मासे ओहोळावाटे चाग्रेसमध्ये निसटले आणि तेथून सरोवरात उतरले. थॉमस झारेट आणि रॉबर्ट पेन या दोन जीवशास्त्रज्ञांनी पुढे काय झाले त्याची नोंद १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात केली, आणि ती नोंद परक्या जातींच्या आक्रमणाविषयीच्या वाङ्मयात आजही आधारभूत मानली जाते. पूर्वी सर्रास आढळणाऱ्या आठ जातींपैकी सहा जाती, सरोवराच्या ज्या भागात हा मासा पसरला तेथून, जवळजवळ नाहीशा झाल्या, सातवीची संख्या अतिशय घटली. आणि आठवी, म्हणजे एक देशी सिक्लिड जात, उलट वाढली, कारण तिची पिले खाणारे लहान मासेच पीकॉक बासने संपविले होते.

या घटनेची झळ माशांपुरती थांबली नाही, हेच तिचे खरे महत्त्व. पृष्ठभागाजवळ झुंडीने फिरणारा चांदीसारखा एक चिमुकला मासा या सरोवराच्या अन्नसाखळीचा मधला दुवा होता: तो पाण्यातील सूक्ष्म प्राणी खाई, आणि त्याला टार्पन नावाचे मोठे मासे, काळे सुरय, खंड्या आणि बगळे खात. तो दुवा तुटताच पक्षी पूर्वीच्या जागी दिसेनासे झाले, सूक्ष्म प्राण्यांच्या समूहाची घडण पालटली, आणि डासांच्या अळ्या खाणारे मासे कमी झाल्याने हिवतापाच्या डासांचे फावेल की काय, अशी शंकाही झारेट आणि पेन यांनी उपस्थित केली. एका तळ्यातून निसटलेल्या माशाचे नाव आकाशातील पक्ष्याच्या आणि काठावरील माणसाच्या आरोग्याशी असे जोडले गेले. काळ लोटला म्हणजे सारे पुन्हा पूर्ववत होते, अशी आशा आपण नेहमी बाळगतो. परंतु स्मिथसोनियन संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी २०१७ साली सरोवराची पुन्हा पाहणी करून ४५ वर्षांनंतरही तेथील मत्स्यसमाज सावरलेला नाही, असा निष्कर्ष काढला.

ब्राझीलमध्ये तर हा मासा परका म्हणावा की देशी, असा पेच पडतो. ॲमेझॉनचे आणि तोकांतिन्सचे खोरे हे त्याचे घर; पण दक्षिणेकडील पाराना नदीचे खोरे मात्र त्याचे नव्हे. वीजनिर्मितीसाठी पाराना आणि तिच्या उपनद्यांवर एकामागून एक धरणे झाली, गळकऱ्यांनी व मत्स्यपालकांनी त्यांत बोटुकली सोडली, आणि तोकांतिन्स खोऱ्याचा सिक्ला केल्बेरी दक्षिणेत स्थायिक झाला. पारानापानेमा नदीवरील रोझाना जलाशयात तो २००४ साली दिसू लागला. तेथील पाणवनस्पतींच्या बेटांमध्ये राहणाऱ्या लहान माशांची मोजणी फेर्नांदो पेलिसिसे आणि आँजेलो आगोस्तिन्यो करीतच होते, त्यामुळे आक्रमणाच्या पूर्वीची व नंतरची अशी दोन्ही चित्रे त्यांच्या हाती होती. दोन वर्षांत माशांची घनता ९५ टक्क्यांनी आणि जातींची संख्या ८० टक्क्यांनी घटली. एरवी ज्या हिरव्या बेटांच्या आश्रयाने लहान मासे जगतात, ती बेटेही त्यांना वाचवू शकली नाहीत.

हे का घडले, याची कारणे पाण्यातच आहेत. धरणांच्या साखळीत वरच्या प्रत्येक जलाशयात गाळ बसत जातो आणि खालच्या जलाशयाला नितळ पाणी मिळते. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला याहून मोठी देणगी कोणती? शिवाय पूर नाहीसा झाल्यामुळे बुडालेले अरण्य नाही, भक्ष्याला पांगण्यास जागा नाही, शिकाऱ्याला उपासाचे महिने नाहीत. पारानाचे स्वतःचे शिकारी मासे अर्थात होतेच. परंतु दोरादो हा वाहत्या पाण्याचा मासा, आणि त्राइरा हा काठाशी दबा धरून, बहुधा अंधारात शिकार करणारा. भर दिवसा स्थिर व स्वच्छ पाण्यात पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याची जागा या जलाशयांत रिकामी होती, आणि ती नेमक्या त्याच कामात तरबेज असलेल्या परक्याने घेतली. भक्ष्यमाशांनी असा वैरी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला नसल्याने त्याच्यापासून बचावाच्या रीती त्यांच्या अंगी मुरलेल्या नसाव्यात, असेही एक मत आहे. आणि गाटुनमधील झपाट्याने झालेल्या ऱ्हासाकडे पाहता ते विचारार्ह वाटते.

परमुलखात या माशाच्या वर्तनातील सर्वांत विलक्षण पालट त्याच्या स्वतःच्या पिलांशी वागण्यात दिसतो. गाटुनमध्ये झारेट यांनी १९७७ साली असा तर्क मांडला, की शेपटीवरील डोळ्यासारखा ठिपका हा स्वजातीची ओळख पटविणारा शिक्का आहे. तो दिसताच मोठा मासा लहान मासा गिळण्याचे टाळतो, आणि म्हणून या कुळात स्वजातिभक्षणाला आळा बसतो. तर्क सुंदर होता आणि निरीक्षणावर उभा होता. परंतु ब्राझीलच्या आग्नेय भागातील व्होल्टा ग्रांदे जलाशयात सोडलेल्या तुकुनारेंची पोटे तपासली असता, तेथे स्वतःच्याच कुळाची पिले खाणे हाच त्यांच्या आहाराचा प्रमुख भाग झाल्याचे आढळून आले. २००४ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. जेथे इतर भक्ष्य संपले तेथे ओळखीचा शिक्का निष्प्रभ झाला, असेच म्हणावे लागते. जे आई-बाप आठवडेच्या आठवडे पिलांभोवती गस्त घालतात, त्यांच्याच कुळाला पुढच्या पिढीवर जगण्याची पाळी यावी, हे दृश्य मनाला विषण्ण करणारे आहे. पण त्यात माशाचा दुष्टपणा नाही, ती उपासमारीची परिणती आहे. मूळच्या नदीत वर्षाकाठी येणारा पूर ज्या अतिरेकाला वेळीच आवर घालतो, तो आवर घालणारे कोणी या जलाशयात उरलेले नसते.

फ्लोरिडाची कथा याहून निराळी, आणि म्हणूनच अभ्यासकाला अधिक शिकविणारी आहे. मायामीच्या परिसरात चुनखडीचा थर कापून काढलेल्या शेकडो किलोमीटरच्या कालव्यांत पश्चिम आफ्रिकेतून आलेली ठिपकेदार चिलापी १९७० च्या दशकात बेसुमार वाढली होती. तिला खाईल असा शिकारी आणावा आणि गळकऱ्यांनाही नवा खेळ मिळावा, अशी दुहेरी तजवीज राज्याच्या मत्स्यखात्याने केली. पॉल शाफलँड यांच्या देखरेखीखाली पूर्वतयारी झाली, आणि १९८४ ते १९८७ या काळात हजारो बोटुकली कालव्यांत सोडण्यात आली. कोणत्याही परक्या माशाला मोकळ्या पाण्यात सोडण्याविषयी आपण साशंक असावे हेच योग्य. तथापि येथे एक गोष्ट आधीच हिशेबात धरली होती, ती म्हणजे थंडी. पाण्याचे तापमान साधारण १५-१६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की हा मासा मरतो. चुनखडीतून झिरपणारे उबदार भूजल मायामीच्या कालव्यांना हिवाळ्यात तारून नेते, उत्तरेकडे ते छत्र नाही. त्यामुळे माशाची सरहद्द हवामानानेच आखून दिलेली आहे. जानेवारी २०१० मध्ये कडाक्याची थंडी पडली तेव्हा या कालव्यांतही पीकॉक बास मोठ्या संख्येने मेले, आणि पुढे उरलेल्यांपासून त्यांची संख्या पुन्हा वाढली.

त्या कालव्यांत लार्जमाउथ बास हा देशी शिकारी आधीपासून होता, आणि तो टिकला. शाफलँड यांच्या पाहणीत देशी माशांवर गंभीर परिणाम आढळला नाही. याचे एक कारण दिनक्रमाच्या भेदात असू शकते: पीकॉक बास केवळ दिवसा शिकार करतो, तर लार्जमाउथ संध्याकाळी आणि रात्रीही हिंडतो. दुसरे असे, की तेथील लहान मासे दिवसा पाठलाग करणाऱ्या शिकाऱ्याच्या सहवासात मुळातच वाढलेले होते, आणि त्यांच्यात परक्यांचाही मोठा भरणा होता. वर्तनही तेथे नव्या ऋतुचक्राला जुळले: नदीच्या चढउताराऐवजी उन्हाळ्याच्या उबेवर वीण ठरू लागली, एप्रिल ते सप्टेंबर हा तिचा काळ आणि मे-जून हा ऐन भर. ओंडक्याच्या जागी कालव्याच्या काठचा सपाट दगड आला. जोडीने घरटे घासणे, पिलांभोवती गस्त घालणे आणि नराच्या कपाळावरचा उंचवटा मात्र जसाच्या तसा राहिला. जे कुळाने दिले ते टिकले, जे पाण्याने दिले ते पालटले.

येथे एक सावधगिरीची सूचना नोंदविणे माझे कर्तव्य आहे. मूळच्या नद्यांतील सर्वांत सखोल अभ्यास टेमेन्सिस आणि त्याच्या शेजारच्या जातींवर झाला आहे, तर गाटुन, पाराना आणि फ्लोरिडा येथे पसरलेले मासे बहुधा मोनोक्युलस, केल्बेरी व ओसेलारिस या लहान व लवकर वयात येणाऱ्या जातींचे आहेत. टेमेन्सिस फ्लोरिडातही सोडला होता, पण तो ओसेलारिससारखा रुजला नाही. तेव्हा घरचा व परका अशी तुलना करताना जातीजातींतील भेद दृष्टीआड करता कामा नये. परमुलखात यशस्वी होते ती मुळातच स्थिर पाण्याला साजेशी, काटक आणि झपाट्याने वाढणारी शाखा. तथापि ही सूट दिल्यानंतरही मुख्य निष्कर्ष अबाधित राहतो. पाण्याची अपारदर्शकता, पुराची ये-जा, तापमानाची खालची मर्यादा, शत्रूंची उपस्थिती आणि भक्ष्याचा अनुभव या पाच गोष्टींवर या माशाचे वर्तन व त्याचा परिणाम अवलंबून आहे, आणि यांपैकी जितक्या गोष्टी गैरहजर, तितका अनर्थ मोठा.

आपल्याकडील अनुभवही या निष्कर्षाशी जुळतो. मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली. आज उजनीसारख्या जलाशयात तिचेच राज्य आहे, आणि तिच्यावर शेकडो मच्छीमार कुटुंबांचे पोट चालत असल्याने तिला नुसते शत्रू म्हणून मोकळे होणेही अन्यायाचे ठरेल. परंतु तिच्या पाठोपाठ चिलापी खाणारा मासा म्हणून उद्या कोणी पीकॉक बास सुचविला, तर त्याने आधी आपल्या जलाशयांची घडण नजरेसमोर आणावी. आमची धरणे पाराना खोऱ्यातल्या धरणांसारखी स्थिर आहेत; पावसाळा ओसरल्यावर त्यांचे पाणी पुष्कळ ठिकाणी नितळते; कोकणात आणि दख्खनच्या बहुतेक भागात पाण्याचे तापमान १५ अंशांपर्यंत उतरण्याचा धाक फारसा नाही; डॉल्फिन नाहीत, राक्षसी पाणमांजर नाही; आणि सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांतील इवले देशी मासे, ज्यांपैकी कित्येक जगात अन्यत्र कोठेही नाहीत, अशा शिकाऱ्याला कधी सामोरे गेलेले नाहीत. फ्लोरिडात ज्यांनी त्याला थोपविले, तो हिवाळा आणि तो लार्जमाउथ, यांपैकी एकही आपल्याजवळ नाही. मलेशिया आणि सिंगापूर या उष्ण देशांच्या जलाशयांत हा मासा आज रुजलेला आहे, ही वस्तुस्थिती आपण आपल्या दाराशी आलेली समजावी.

शोभेच्या माशांच्या व्यापारात पीकॉक बासची पिले आपल्या देशातही विकली जातात. हातभर काचेच्या टाकीत आणलेले देखणे पिलू वर्षभरात टाकीत मावेनासे होते, आणि मग दयाबुद्धीने त्याला जवळच्या तलावात सोडण्याचा मोह होतो. गाटुनचा सारा इतिहास एका तळ्यातून निसटलेल्या थोड्या माशांपासून सुरू झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा दयेची किंमत किती मोठी असू शकते ते कळेल. मासा मोठा झाला तर तो विक्रेत्याला परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या हवाली करावा, पण कोणत्याही मोकळ्या पाण्यात सोडू नये; आणि मत्स्यखात्याने परक्या शिकारी माशांच्या विक्रीवर व बोटुकलींच्या वाहतुकीवर नजर ठेवण्याचा बंदोबस्त अगोदरच करावा, कारण जलाशयात एकदा रुजलेला मासा कोणत्याही हुकमाने परत काढता येत नाही.

पीकॉक बास हा सृष्टीचा एक देखणा व पराक्रमी जीव आहे, आणि रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यात तो त्याच्या योग्य स्थानी आहे. तेथे पूर त्याला उपास घडवितो, डॉल्फिन त्याला धाक घालते, शेजारच्या जाती त्याच्याशी वाटणी करतात, आणि या सर्व बंधनांनी मिळून त्याचे शौर्य शेजाऱ्यांना सोसवेल इतके राहते. ही बंधने माशाबरोबर डब्यात भरून नेता येत नाहीत. नेता येतो तो केवळ मासा. म्हणून एखाद्या जीवाला परक्या पाण्यात नेण्याचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने त्या जीवाचे गुणदोष तपासण्याआधी त्याला मूळ ठिकाणी आवर घालणाऱ्या सर्वांची यादी करावी, आणि त्यांपैकी किती जण नव्या ठिकाणी हजर आहेत ते मोजावे. ती मोजणी करण्याची तयारी नसेल, तर त्या जीवाला हात लावण्याचा अधिकारही आपल्याला नाही.